पाचाडचा वाडा

बालमित्रांनो, रायगड पाहिलाय का तुम्ही? "हो!" म्हणून तुमच्यातल्या पुष्कळांनी हात वर केले असतील. बरं, मग रायगडाच्या पायथ्याचा जिजाबाईंचा वाडा पाहिलाय का? आता बरेच हात खाली आले ना? लाजू नका, परवापरवापर्यंत माझाही हात खालीच होता. मी तीन वेळा रायगडावर जाऊन आले होते. तिन्ही वेळा पाचाड गाव लागलं, गाडी त्या वाड्याजवळून गेली, आणि मी मात्र खिडकीतून मान वर करकरून गडाचा कडाच बघत बसले होते. डोळ्यांसमोरची वस्तू दिसत नाही ती अशी!

यंदा तो वाडा मला दाखवला तो आमच्या सहावीतल्या एका मुलीने. त्याचीच ही गोष्ट.

आमची शाळा पेण तालुक्यातल्या डोलवीकडची. एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला वडखळचा नाका, आणि मध्ये पोलाद कारखान्याची उंच धुराडी. सहल निघाली तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मुलं रात्रभर झोपलीच नसावीत. एस.टी. सुरू झाली तशा गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या आणि नागोठणे, कोलाड, माणगाव कधी मागे पडलं ते कळलंही नाही. महाडला चवदार तळ्यापाशी उतरलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी याच तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन सर्वांचा पाण्यावरचा हक्क सांगितला, हे मुलांना तिथेच काठावर उभं राहून सांगितलं. मग गाडी आत वळली. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर. साधारण पंचवीस किलोमीटर गेल्यावर पाचाड आलं.

तिथे चहासाठी गाडी थांबली. मुलांना कुठला धीर! "बाई, रोपवेने जायचं की पायऱ्यांनी?" एवढा एकच विषय. रायगडाला चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि १९९६ पासून रोपवेही आहे. त्यामुळे गाडीत सरळ सरळ दोन पक्ष पडले होते. तेवढ्यात ती सहावीतली मुलगी म्हणाली,

"बाई, जिजाऊंचा वाडा इथेच आहे ना? पुस्तकात लिहिलंय, पाचाडला होता म्हणून."

"आहे की," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मलाही तो कुठे हे चहावाल्या काकांनाच विचारावं लागलं. त्यांनी हाताने दाखवलं, "हा काय, इथेच तर आहे."

आम्ही सगळे गेलो. समोर दगडी तटाच्या पडक्या भिंती. आत शिरलो तर गवत, आणि गवतात जमिनीपासून थोडे वर आलेले दगडी चौथरे. वर आभाळ. छप्पर नाही, खांब नाही, दार नाही, खिडकी नाही.

"बाई, वाडा कुठे आहे?" पाचवीतल्या एका मुलाने विचारलं.

"अरे, तू वाड्यातच उभा आहेस," मी म्हटलं.

त्याने पायांखाली पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "इथे तर काहीच नाही!"

मुलांनो, खरं सांगू? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मास्तरकी अंगात भिनलेली असते ना! मी म्हटलं, "काहीच नाही कसं? पुस्तक फाटलं तरी पानं वाचता येतात. चला, हा वाडा आपण वाचूया."

मग आम्ही कामाला लागलो. पहिलं काम, तट मोजायचा. मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि तटाच्या चार बाजू पावलांनी मोजायला पाठवल्या. परत आल्यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा! एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड, तिसरा मध्येच मोजायचा विसरला. भांडण मिटवायला तिथेच सरासरीचं गणित घ्यावं लागलं. दुसरं काम, चौथरे शोधायचे. जिथे दगडांची सरळ रेघ दिसेल तिथे उभं राहायचं. पाहता पाहता मुलांच्याच रांगा उभ्या राहिल्या आणि त्या रांगांमधून दालनांच्या चौकटी दिसू लागल्या. इथे भिंत होती, इथे दार असेल, इथे अंगण. मघाशी तोंड एवढंसं झालेला मुलगा आता ओरडून सांगत होता, "ए, तू भिंतीत उभा आहेस, बाजूला हो!"

तुम्ही म्हणाल, नुसते चौथरेच का उरतात? वरचं सगळं जातं कुठे? तर जुन्या वाड्यांचा खालचा भाग, म्हणजे जोतं, दगडाचा असे. वरचे खांब, तुळया, वासे लाकडाचे. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दरवर्षी उन्हाळ्यात घर शाकारावं लागतं. एका वर्षी ते राहिलं, की पाणी आत येतं. पाण्याने लाकूड कुजतं, वाळवी लागते, तुळई खचते, छप्पर बसतं. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरतं, फटीत पिंपळाचं रोप येतं, त्याची मुळं दगड सुटे करतात. घर पडतं ते नेहमी वरून खाली पडतं. सगळ्यात शेवटी उरतं ते जोतं, आणि त्याहूनही मागे उरते ती विहीर, कारण ती मुळातच जमिनीत असते.

आणि खरंच, विहीर होती! पायऱ्या उतरत जाणारी, छान दगडी बांधणीची. तिथे बसण्यासाठी दगडाचंच एक आसन केलेलं आहे. टेकायला लोड-तक्क्या असावा तसा दगड. म्हणूनच लोक तिला 'तक्क्याची विहीर' म्हणतात. हे आसन जिजाबाईंना बसण्यासाठी केलेलं, असं सांगतात.

तिथे मात्र सगळी मुलं एकदम गप्प झाली. तट पाहून नाही झाली, चौथरे पाहून नाही झाली, पण ती बसायची जागा पाहिली आणि गप्प झाली. कारण आता तिथे कुणीतरी बसलेलं त्यांना दिसत होतं.

त्या सहावीतल्या मुलीने हळूच विचारलं, "बाई, पण त्या इथे का राहायच्या? एवढा मोठा गड होता की वर!"

चांगला प्रश्न होता. मग विहिरीपासून जरा दूर, सावलीला सगळे बसलो आणि मी गोष्ट सांगितली.

जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा. गाव सिंदखेडराजा. ते आज बुलढाणा जिल्ह्यात आहे. वडील लखुजी जाधव हे मोठे सरदार. शहाजीराजांशी लग्न झालं आणि सुरू झाली धावपळ. आज या गावी, उद्या त्या किल्ल्यावर. पुण्यात लाल महाल उभा राहिला, तिथे त्या बाळ शिवाजीराजांना घेऊन राहिल्या. पुढे त्याच लाल महालात शायिस्तेखान तळ देऊन बसला आणि १६६३ साली महाराजांनी रात्री छापा घालून त्याची बोटं छाटली, ही गोष्ट तुम्हांला पाठच असेल. तो मूळचा लाल महालही आज नाही बरं का! पुण्यात आपण पाहतो ती वास्तू पुणे महानगरपालिकेने अलीकडे, १९८० च्या दशकात बांधलेली आहे. लाल महालानंतर राजगड. महाराज १६६६ साली आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याचा कारभार जिजाबाईंनी पाहिला. तेव्हा त्यांचं वय किती? करा पाहू वजाबाकी. अडुसष्ट!

रायगड, म्हणजे तेव्हाची रायरी, महाराजांनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली. पुढे राजगडावरची राजधानी इथे आणली. हिरोजी इंदुलकरांनी वर राजवाडे, बाजारपेठ, तलाव, जगदीश्वराचं देऊळ असं सगळं बांधून काढलं. गड कसा, तर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून उंच. चारी बाजूंनी कडे. शत्रूला चढणं अवघड, पण म्हाताऱ्या माणसालाही राहणं अवघड. वर वारा असा सुटतो की टोपी धरून ठेवावी लागते, आणि थंडीच्या दिवसांत अंगात हुडहुडी भरते. सत्तरी उलटलेल्या जिजाबाईंना ती हवा मानवेना. मग महाराजांनी काय केलं? आईसाठी गडाच्या पायथ्याला, वाऱ्याच्या माऱ्यापासून खाली, हा वाडा बांधला. भोवती तट घातला. पाण्याची सोय केली. व्यवस्था पाहायला माणसं नेमली, पहाऱ्याला शिपाई ठेवले.

"म्हणजे महाराज वर आणि आई खाली?" एकाने विचारलं.

"हो. पण वर बघ," मी म्हटलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. तटाच्या वर, अगदी समोर, गडाचा काळा कडा उभा होता. इथे बसलेल्या आईला मुलाचा गड दिवसभर दिसत असणार. गड आणि वाडा यांच्यात अंतर होतं, पण नजरेला मध्ये काही आड येत नव्हतं.

आता १६७४ सालचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. वर राज्याभिषेकाची तयारी चाललेली. मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन निघाला. तो कसा आला ठाऊक आहे? ऐकून आमची मुलं खूश झाली, कारण तो आपल्या शेजारून आला! आधी चौल, तिथून होडीने खाडीतून वर अष्टमीला. अष्टमी म्हणजे आपल्या रोह्याला लागून असलेलं गाव. तिथून निजामपूर, आणि मग पाचाड. इथे आल्यावर त्याला कळलं, की महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले आहेत. मग काय, काही दिवस साहेब इथेच, पायथ्याशी थांबला आणि महाराज परतल्यावर वर गेला. त्याने आपल्या प्रवासाची टिपणं लिहून ठेवली, म्हणून आज साडेतीनशे वर्षांनी आपल्याला हा रस्ता कळतो. लिहून ठेवण्याचा फायदा बघा!

६ जून १६७४. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. ज्या मुलाला लाल महालात वाढवलं, तो छत्रपती झालेला आईने पाहिला. आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई इथे पाचाडला वारल्या. वय शहात्तर. जूनचा मध्य म्हणजे आपल्याकडे पाऊस सुरू होण्याचे दिवस. वर राजधानीत सोहळ्याचे मांडव, आणि खाली आई गेलेली. महाराज छत्रपती झाले, पण ज्यांच्या पाया पडायचं त्या आईच राहिल्या नाहीत.

मी थांबले. मुलंही काही बोलली नाहीत.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गडावर वारले. १६८९ साली मोगलांनी रायगड घेतला. संभाजी महाराजांच्या राणीसाहेब येसूबाई आणि लहानगे शाहू त्यांच्या कैदेत पडले. १७३३ साली गड पुन्हा मराठ्यांकडे आला, पण तोवर राजधानी साताऱ्याला गेली होती. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, तेव्हा वर मोठी आग लागली आणि लाकडी वाडे जळून गेले. आज गडावर आपण जे पाहतो तेही बरंचसं जोतंच आहे, इथल्यासारखं. राजाची माणसं निघून गेली, की वाड्याचं छप्पर शाकारणारं कोण उरणार? मग वाऱ्यापावसाने आपलं काम केलं.

वाड्यातून निघून आम्ही गावातच असलेल्या जिजाबाईंच्या समाधीला गेलो. समाधी मात्र नीट राखलेली आहे, माणसं येतात, फुलं वाहतात. मुलांनी रस्त्यात वेचलेली रानफुलं वाहिली. मग गड चढलो. पायऱ्यांचा पक्ष जिंकला! वर महादरवाजा, गंगासागर, बाजारपेठ, जगदीश्वर, टकमक टोक, सगळं पाहिलं. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत आपला रायगड आहे, हेही सांगितलं. पण गंमत अशी, की वर पोचल्यावर दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी कड्याकडे बोट करून विचारायचं, "बाई, इथून मासाहेबांचा वाडा दिसतो का?" जिला तिला, ज्याला त्याला खालचं घर शोधायचं होतं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. डब्यातल्या उरलेल्या तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी संपली, गाणी संपली, मुलं एकमेकांच्या खांद्यांवर मान टाकून झोपली. माझ्या शेजारी ती सहावीतली मुलगी जागी होती. म्हणाली, "बाई, तो बसायचा दगड नसता, तर मला काहीच दिसलं नसतं."

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. कारण मला माझ्या आजीचं घर आठवलं.

माझं आजोळ डोलवीच्या बाजूलाच, खाडीकडच्या अंगाला. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, त्यात भाताची कणगी. मागे परसात शेवग्याचं झाड, गोठा आणि विहीर. भरतीच्या दिवशी रात्री पडवीत झोपलं की खाडीचा वास यायचा. मामा नोकरीसाठी मुंबईला गेले, आजी गेली, घराला कुलूप लागलं. पहिल्या वर्षी कोणीतरी येऊन घर शाकारलं. दुसऱ्या वर्षी कुणाला सवड झाली नाही. सहाव्या पावसाळ्यात आढं बसलं. कुणी पाडलं नाही, कुणी जाळलं नाही. नुसतं कुणी आलं नाही, एवढंच.

सहलीनंतरच्या रविवारी मी तिथे गेले. गवतातून जोत्याची रेघ दिसत होती. परसातली विहीर होती, पण तिच्यात पालापाचोळा भरलेला. आणि ओटीच्या जागी माती जरा बाजूला केली तर काय सापडलं सांगू? आजीचं उखळ! जमिनीत पुरलेलं, जसंच्या तसं. त्या उखळाच्या डाव्या अंगाला आजी बसायची, उजव्या अंगाला मी. कांडताना ती मला ओव्या म्हणून दाखवायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "हात बाजूला घे गो, लागेल." उखळ सापडलं आणि सगळं घर उभं राहिलं. पण ते फक्त माझ्यापुढे उभं राहिलं. माझ्या मुलाला मी सोबत नेलं होतं. त्याला तो फक्त भोकाचा दगड दिसला.

मग मी तिथेच मातीवर बसले आणि त्याला सांगत गेले. इथे आजी. इथे मी. इथे कणगी, इथे देवघर, इथून खाडी दिसायची. तो वहीत रेघा मारत गेला. घरी येऊन त्याने नकाशा रंगवला. आजीच्या जागेवर त्याने एक लहान गोल काढून आत लिहिलंय, 'पणजी इथे बसायची'. आता ते घर त्याच्यापाशीही आहे.

मासाहेबांचा वाडा गेला, पण 'ही तक्क्याची विहीर, इथे त्या बसत' एवढं पाचाडच्या लोकांनी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवलं. म्हणून आमच्या सहावीतल्या मुलीला त्या बसलेल्या दिसल्या. दगड आपलं काम करतोच, पण सांगणारं माणूस लागतं.

तेव्हा बालमित्रांनो, दोन कामं सांगते. पहिलं, रायगडला जाल तेव्हा पाचाडला अर्धा तास आधी उतरा. तटाच्या दगडांवर चढू नका, त्यांवर नावं कोरू नका, विहिरीत काही टाकू नका, आणि पायऱ्यांवर मोठ्या माणसांचा हात धरा. मोठ्यांनी, म्हणजे आईबाबांनी, घाई करू नये. गड कुठे पळून जात नाही.

दुसरं काम त्याहून सोपं. या सुटीत आजीआजोबांपाशी बसा. त्यांचं लहानपणचं घर कसं होतं ते विचारा. दार कुठल्या बाजूला, चूल कुठे, विहीर कुठे, झाडं कोणती, आणि कोण कुठे बसायचं. त्याचा नकाशा काढा, खाली गावाचं नाव आणि तारीख लिहा. आमच्या शाळेत मी हाच गृहपाठ दिला. बत्तीस मुलांचे बत्तीस नकाशे आले. त्यांतली एकोणीस घरं आज उभी नाहीत.

ते सगळे नकाशे वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत. मधल्या सुटीत मुलं तिथे उभी राहतात आणि एकमेकांना सांगतात, "हे बघ, इथे माझी आजी."